मणी, मंगल आणि मणिकार
भीमा–नीरेच्या खोऱ्यातून पश्चिम किनाऱ्यापर्यंत

बारामती किंवा इंदापूर येथील सराफी पेठेत आज दोन प्रकारचे मणी शेजारीशेजारी विक्रीस मांडलेले असतात. एक प्रकार राशीच्या खड्यांचा. पुष्कराज, पोवळे, नीलम अशी नावे सांगून आणि ग्रहांची भीती घालून ते विकले जातात. दुसरा प्रकार अलीकडचा आहे. बारीक साखळीच्या कंकणात गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीची चिन्हे निवडून ओवून घ्यावयाची असतात. त्यांत नावाचे आद्याक्षर असते, फुलपाखरू असते, बदाम असतो, आणि आपल्या उपासिकांसाठी धम्मचक्र व पिंपळपानही असते. पहिला प्रकार अंधश्रद्धेचा आणि दुसरा निव्वळ हौसेचा, असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे. परंतु दगडाला भोक पाडून तो गळ्यात घालण्याची रीत या खोऱ्यात तीन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि पसंतीची मंगलचिन्हे एका दोऱ्यात ओवण्याची रीत सांचीच्या तोरणाइतकी जुनी आहे. या दोन्ही रीतींशी बौद्ध परंपरेचा संबंध आला. तो कसा आला आणि त्यात मणी घडविणाऱ्या माणसाचे स्थान काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम दगडाचा विचार करू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांतून सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि त्यांत गार, कॅल्सेडोनी, अकीक, स्फटिक हे दगड साकारले. बेसाल्ट झिजतो, गार झिजत नाही. म्हणून भीमा, नीरा, कऱ्हा, घोड या नद्यांच्या वाळूत आणि जुन्या गाळाच्या थरांत पांढऱ्या, धुरकट, पट्टेदार गोट्या सापडतात. आपल्याकडचा शेतकरी त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. काडेपेटी येण्यापूर्वी चकमक झाडून विस्तव काढण्यास याच जातीचे दगड उपयोगी पडत.

बारामती तालुक्यात कऱ्हा आणि नीरा यांच्या संगमावर सोनगाव हे गाव आहे. १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले, आणि ताम्रपाषाण युगातील, जोर्वे संस्कृतीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढणारे, तांब्याचा काटकसरीने वापर करणारे आणि रोजच्या कामाला गारेची पाती वापरणारे हे लोक होते. नीरा पुढे इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे भीमेला मिळते. म्हणजे एका संगमापासून दुसऱ्या संगमापर्यंतचा हा पट्टा पुणे जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासात कडेला पडलेला नव्हता. कार्ले, भाजे किंवा जुन्नरसारखी लेणी या दोन तालुक्यांच्या वाट्याला आली नाहीत, त्यामुळे येथील प्राचीन इतिहास म्हटला की आपण थेट मालोजी भोसले यांच्या इंदापूरच्या जहागिरीपाशी येऊन थांबतो. ही सवय सोडावयास हवी.

जोर्वे संस्कृतीचे सर्वांत तपशीलवार चित्र याच भीमेच्या खोऱ्यातील इनामगावने दिले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या स्थळाचे उत्खनन १९६८ पासून १९८३ पर्यंत चालले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी हे त्याचे धुरीण होते. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळाची ही वस्ती आहे. मण्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने इनामगावचे महत्त्व असे की, तेथे मणी नुसते सापडले नाहीत, तर वस्तीची रचनाही वाचता आली. पाच खोल्यांचे प्रमुखाचे घर मध्यभागी, आणि कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारा, मणी घडविणारा अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला, असे ढवळीकरांनी दाखवून दिले. गावकुसाची कल्पना किती मागे नेता येईल याविषयी घाई करू नये, हे खरे. तथापि जो माणूस गावाला सजवितो त्याचे घर गावाच्या कडेला, ही गोष्ट वाचताना आपल्यापैकी कोणाचाही हात पानावर क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही.

हे मणी मोठ्यांच्याच गळ्यात होते असे नाही. जोर्वे लोक मृत बालकाला दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत असत. प्रवरेच्या काठच्या नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात एका बालकाच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. ही माळ हौसेची, की दृष्ट लागू नये म्हणून घातलेली? आईने लेकराच्या गळ्यात घातलेल्या वस्तूत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, असे मला वाटते. पुढे तथागतांनी आणि अशोकानेही मंगलाचा जो प्रश्न हाताळला तो नेमका येथून सुरू होतो.

मणी घडविणे म्हणजे काय, याची कल्पना आल्याखेरीज मणिकाराच्या दानाची किंमत कळणार नाही. ही विद्या गुजरातेत खंभात येथे आजतागायत जिवंत आहे आणि तिच्या निरीक्षणावरून पुराविदांनी प्राचीन पद्धतीची जुळणी केली आहे. भडोचजवळच्या रतनपूरच्या खाणीतून निघणारा अकीक मुळात पिवळट-करडा असतो. तो प्रथम उन्हात वाळवितात, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडातील लोहाचा अंश तापून तांबडा होतो आणि आपण ज्याला तांबडा अकीक म्हणतो तो तयार होतो. आच अधिक झाली तर दगड तडकतो. भाजलेला दगड जमिनीत पुरलेल्या लोखंडी टोकावर टेकवून वरून शिंगाच्या हातोडीने हलके ठोके द्यावयाचे, म्हणजे खालच्या टोकाच्या बाजूने कपची उडते. अशा शेकडो कपच्या उडवून मण्याचा आकार आणावयाचा. मग कुरुंदाच्या भुकटीने किंवा वाळूच्या दगडावर घासून पैलू पाडावयाचे. त्यानंतर भोक. दोरीच्या कमानीने फिरणारा सामता, त्याच्या टोकाला हिऱ्याचे बारीक कण, आणि वर पाण्याचा थेंब थेंब. भोक एका बाजूने अर्धे आणि दुसऱ्या बाजूने अर्धे पाडतात. दोन्ही मध्ये जुळली नाहीत तर आधीची सारी मेहनत वाया. शेवटी चामड्याच्या पिशवीत अकिकाची व कुरुंदाची पूड घालून, मणी कित्येक दिवस घोळवून जिल्हई देतात. या कामात उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसात बसते आणि कारागीर तरुणपणीच सिलिकोसिसने खंगतात. खंभातच्या कारागिरांच्या या आजाराची दखल आपल्या काळात वैद्यकाने आणि न्यायालयांनी घेतली आहे. प्राचीन मणिकाराचे फुप्फुस वेगळे नव्हते.

पाली वाङ्मयाला ही विद्या जवळून परिचित होती. दीघ निकायातील सामञ्ञफल सुत्तात ज्ञानदर्शनासाठी दिलेली उपमा मण्याचीच आहे. उत्तम जातीचा, आठ पैलूंचा, नीट घडविलेला, नितळ वैडूर्य मणी, त्यातून निळा, पिवळा, तांबडा किंवा पांढरा दोरा ओवलेला, आणि डोळस माणूस तो तळहातावर घेऊन पाहत आहे, असे ते चित्र आहे. आठ पैलूंचे लांबट मणी हे प्राचीन स्थळांवर मिळणारे नेहमीचे घाट आहेत. म्हणजे उपमा कल्पनेतून आलेली नसून बाजारातून आलेली आहे. मिलिंदपञ्हात नगरातील कारागिरांची जी लांबलचक यादी येते तीत सोनार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर मणिकारही आहे.

इसवी सनाच्या आरंभी सातवाहनांच्या काळात हा व्यवसाय खेड्याच्या कडेवरून नगरात आला. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतील ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण व तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, ही दक्षिणापथातील दोन ठळक बाजारपेठांची नावे येतात. पैठणहून पट्टेदार अकीक मोठ्या प्रमाणावर बैलगाड्यांनी भडोचला जात असे, हेही त्यात नमूद आहे. तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन या दोन्ही ठिकाणी मण्यांचा उद्योग भरभराटीत होता. भोकरदन म्हणजेच सांचीच्या दानलेखांत येणारे भोगवर्धन. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गावच्या पांढरीतून वेचलेल्या वस्तूंतून तेथील संग्रहालय उभे राहिले. महाराष्ट्राच्या प्राचीन अलंकारांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ते एकदा तरी पाहावे.

आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर हे या व्यापाराचे नाके होते. तेथील लेण्यांतील लेखांत वेळूकाम करणाऱ्यांची, कासारांची आणि धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी येते. लोक या श्रेणींकडे ठेव ठेवीत आणि तिच्या उत्पन्नातून संघाला दान मिळे. कारागिरांची संघटना पतपेढीचे काम करीत होती, तिच्यावर लोकांचा विश्वास होता आणि तिचे नाव दगडात कोरले जात होते. ज्या समाजव्यवस्थेने पुढे याच हातांना हीन ठरविले, तिच्या आधीचा हा पुरावा आहे. त्याचे मोल अभ्यासकांना ठाऊक आहे, पण आपल्या विहारांतील वर्गांत तो पुरेसा सांगितला जात नाही.

मणिकाराचे नाव प्रत्यक्ष वाचावयाचे तर कान्हेरीला जावे लागते. तेथील दानलेखांत सोपारक, म्हणजे आजचे नालासोपारा, येथील मणिकार नागपालित याच्या दानाची नोंद आहे. कल्याण येथील सुवर्णकार सामिदत याने पाण्याची पोढी खोदवून दिल्याचीही नोंद तेथे आहे. राजे, अमात्य, श्रेष्ठी यांच्या रांगेत हे दोघे स्वतःच्या धंद्याच्या नावानिशी उभे आहेत. सांचीला दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी केलेल्या कोरीवकामाची नोंद आहे. तीही त्याच जातीची. दान देणाऱ्याने आपला व्यवसाय लपविला नाही, आणि संघानेही त्याला तो लपवावयास लावले नाही.

सांचीचा उल्लेख आला, तर तेथील मंगलमाळांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. तोरणाच्या स्तंभावर दोन माळा कोरलेल्या आहेत. एकीत अकरा आणि दुसरीत तेरा चिन्हे आहेत. कमळ, अंकुश, श्रीवत्स, आरसा, मीनयुगुल, परशू, चक्र ही त्यांतील ओळखू येणारी. एकाच दोऱ्यात वेगवेगळ्या आकारांची लटकने ओवावयाची, आणि किती व कोणती हे प्रत्येक माळेने स्वतः ठरवावयाचे, ही कल्पना इ. स. पू. पहिल्या शतकात शिल्पकाराला इतकी परिचित होती की त्याने ती स्तूपाच्या दारात कोरली. प्रत्यक्षातही अशी लटकने मिळतात. तक्षशिलेपासून दक्षिणेपर्यंत स्फटिक, अकीक आणि सोन्याचे मासे, त्रिरत्ने, सिंह, कासवे असे बारीक, भोक पाडलेले आकार उत्खननांत निघाले आहेत.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अनोळखी वाटण्याचे कारण नाही. कोल्हापुरी साज ही तशीच माळ आहे. परंपरेने सांगितला जाणारा साज एकवीस पानांचा. दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन पानड्या माणिक व पाचूच्या आणि एक डोरले. मध्ये जवमणी, आणि पानांच्या पत्र्याच्या आत लाख भरलेली. चंद्र, शंख, कासव, भुंगा, नाग, बेलपान अशी पाने त्यांत असतात. अर्थ बदलला आहे, दैवते बदलली आहेत, पण ओवण्याची रीत तीच राहिली आहे. सांचीची माळ सरळ साजात आली असा दावा मी करीत नाही, मधली हजार-दीड हजार वर्षे एका उडीत ओलांडता येत नाहीत. मात्र सराफाच्या पेटीतील आजचे ‘चार्म’ हे परदेशातून आलेले नवल आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आजीच्या गळ्याकडे एकदा निरखून पाहावे.

आता मूळ प्रश्न. हे मंगल खरोखर मंगल करते काय? याविषयी तथागतांची भूमिका संदिग्ध नाही. ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने ज्या हीन विद्यांपासून दूर राहावे त्यांत मणिलक्षण, म्हणजे रत्नाच्या खुणांवरून शुभाशुभ सांगणे, हिची स्पष्ट गणना आहे. राशीचे खडे विकणाऱ्या धंद्याचे नाव त्रिपिटकाने इतक्या आधी लिहून ठेवले आहे. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात जो उपासक शकुनमंगलावर भिस्त ठेवतो आणि कर्मावर ठेवीत नाही, त्याला उपासकांतील हीन म्हटले आहे. मंगल सुत्त तर आपण प्रत्येक मंगलप्रसंगी म्हणतो. त्यात अडतीस मंगले येतात. सत्संगती, मातापित्यांची सेवा, निर्दोष कर्म, शिल्पकलेचे ज्ञान ही त्यांपैकी काही. त्यांत एकही मणी नाही. मात्र मणी घडविण्याचे शिल्प त्यात बसते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

अशोकाचा नववा शिलालेख याच विषयावर आहे. आजारपणात, लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक, आणि त्यांतही स्त्रिया, नाना क्षुल्लक मंगलविधी करतात. ते करावयास हरकत नाही, पण त्यांचे फळ अल्प आहे. दास व सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान हे धम्ममंगल मात्र बहुफल आहे, असा त्याचा आशय. स्त्रियांविषयीचा त्यातील सूर आपल्याला रुचणार नाही. नेवाशाच्या त्या बालकाची आई या लेखापेक्षा हजार वर्षे जुनी आहे आणि तिचे दुःख क्षुल्लक नव्हते. पण या लेखाचे आपल्याशी नाते आहे, कारण त्याचा तुटका अंश आपल्याच किनाऱ्यावर, सोपाऱ्याजवळच्या भुईगाव येथे १९५६ साली मिळाला. मणिकार नागपालिताच्या गावाला मणी-मंगलाच्या व्यर्थतेविषयीचा राजलेख त्याच्या जन्माआधी कित्येक पिढ्या उभा होता. त्या गावात राहून त्याने मणी घडविणे सोडले नाही, आणि मण्यांच्या मिळकतीतून संघाला दान दिले. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे त्याला वाटले नसावे. मलाही वाटत नाही.

मणिकाराविषयी बौद्ध वाङ्मयात केवळ गौरवच आहे असे मानू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत पापवग्गातील एकशे सव्विसाव्या गाथेच्या निमित्ताने तिस्स थेरांची कथा येते. श्रावस्तीच्या एका मणिकाराच्या घरी हे थेर बारा वर्षे भोजनाला जात. नवरा-बायको त्यांना पुत्रासारखे जपत. एके दिवशी मणिकार मांस कापीत असता प्रसेनजित राजाने धुऊन, भोक पाडून आणण्यासाठी एक मणी पाठविला. त्याने तो रक्ताने माखलेल्या हाताने घेऊन पेटीवर ठेवला आणि तो हात धुण्यास आत गेला. घरात पाळलेल्या क्रौंच पक्ष्याने मांस समजून मणी गिळला. थेरांच्या डोळ्यांदेखत हे घडले. मणिकाराने बायकोला विचारले, मुलाला विचारले, मग थेरांवर संशय घेतला. बायको म्हणाली, इतक्या वर्षांत यांचा एक दोष पाहिला नाही, असा आळ घेऊ नका. त्याने ऐकले नाही. राजाच्या मण्याची किंमत त्याच्या साऱ्या घरादाराएवढी होती. थेरांच्या डोक्याला दोर बांधून त्याने काठीने पीळ दिला, कानानाकांतून रक्त वाहू लागले. थेर गप्प राहिले, कारण बोलावे तर पक्ष्याचा जीव जाणार. रक्त प्यावयास आलेल्या पक्ष्याला मणिकाराने रागाने लाथ मारली आणि तो मेला. तो मेल्याची खात्री करून घेतल्यावरच थेरांनी सांगितले की, मणी याच्या पोटात आहे.

ही कथा आपण सामान्यतः क्षमेची म्हणून सांगतो. तीत मणिकाराची भीतीही आहे. स्वतःच्या मालकीचा नसलेला अमूल्य दगड ज्याच्या हातात येतो, तो हरवला तर आयुष्यभराचे दास्य ज्याच्या वाट्याला येते, त्या माणसाची ती भीती. कथाकाराने त्याला माफ केलेले नाही, तो नरकात गेला असेच सांगितले आहे. पण बारा वर्षांचे दानही एका राजरत्नाच्या भयापुढे टिकले नाही, हे लिहिण्याइतका तो मनुष्यस्वभावाचा जाणकार होता.

याच अट्ठकथेत विशाखेच्या महालता अलंकाराची कथा आहे. पाचशे सोनारांनी चार महिने खपून तो घडविला. त्याचे मोल नऊ कोटी आणि कारागिरांच्या हाताचे मोल एक लाख, असा हिशोब ग्रंथ वेगळा मांडतो. आकडे कथेचे आहेत, परंतु मजुरी मालाच्या किमतीत बुडवून टाकली नाही, ती निराळी सांगितली, हे लक्षात घ्यावे. एकदा विशाखा तो अलंकार जेतवनात विसरली. भिक्खूने रत्नाला हात लावू नये, मात्र विहारात कोणी विसरले असेल तर उचलून मालकासाठी जपून ठेवावे, हा पाचित्तिय नियम या प्रसंगाशी जोडला जातो. पुढे विशाखेने अलंकार विकावयास काढला. तो घेण्याची ऐपत कोणाचीच नसल्याने तिने स्वतःच ती रक्कम भरली आणि तीतून पूर्वाराम विहार उभा केला.

रत्नांचा दुसरा प्रवास स्तूपाच्या गर्भाकडे झाला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथे बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले. त्यात दगडी पेटी, तीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती ब्राँझच्या आठ आसनस्थ मूर्ती, आणि आत चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक बसविलेले करंडक निघाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे होते. भोवती सोन्याची फुले. मातीच्या खापऱ्या सोन्यात आणि सोने दगडात! मौल्यवान काय याचा क्रम येथे उलटा लावलेला आहे. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जपल्या.

याच प्रकारचा, पण पुष्कळ जुना ठेवा जानेवारी १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे विल्यम क्लॅक्स्टन पेप्पे यांना मिळाला. माशाच्या आकाराची मूठ असलेला स्फटिकाचा करंडक, अस्थी, आणि सुमारे अठराशे रत्ने व अलंकार. अकीक, कटेला, तामडा, पोवळे यांची फुले, पाने, त्रिरत्ने. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात, आणि काही ‘दुबार नमुने’ म्हणून पेप्पे यांच्याकडे राहिले. त्यांच्या वंशजांनी हा तीनशेहून अधिक वस्तूंचा वाटा मे २०२५ मध्ये हाँगकाँग येथे सॉदबीजच्या लिलावात मांडला. भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव स्थगित झाला आणि जुलै २०२५ अखेर गोदरेज समूहाच्या साहाय्याने ही रत्ने भारतात परत आली. ती परत आली याचा आनंद आहेच. पण ज्यांनी एक मण न घालविता अस्थींसह ती पुरली, त्यांच्या दृष्टीने अस्थी आणि रत्न हे एकच दान होते. ‘दुबार’ हा शब्द त्यांना कळलाच नसता. अस्थी श्रद्धेच्या आणि मणी बाजाराचे, ही वाटणी १८९८ सालच्या सरकारी कचेरीत झाली.

आपल्या समाजाच्या संदर्भात दागिन्याचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वगळून करता येत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथिलाचे, चांदीचे गोठ-पाटल्या टाकून द्यावयास सांगितले, कारण ती अस्पृश्यतेची ओळखखूण झाली होती. घालावयाचाच तर एखादा सोन्याचा दागिना घाला, ऐपत नसेल तर घालू नका, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. येथे दागिना शुभ की अशुभ हा प्रश्नच नाही, तो अंगावर कोणी आणि कशासाठी चढविला हा प्रश्न आहे. आज दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर धम्मचक्राचे, पिंपळपानाचे, बाबासाहेबांच्या प्रतिमेचे लटकन विकत घेणारी मुलगी ती खूण स्वतः निवडते. एवढ्या वर्षांत झालेला हा बदल लहान नव्हे. ते लटकन परीक्षेत पास करील किंवा नोकरी लावील, असे तिला कोणी सांगू लागले तर मात्र तिला ब्रह्मजाल सुत्त वाचावयास द्यावे.

शेवटी या खोऱ्यातील वाचकांना एक विनंती. भीमा आणि नीरेच्या काठच्या गावांत पांढरी म्हणून ओळखली जाणारी टेकाडे नांगरटीत व मातीच्या उपशात झपाट्याने सपाट होत आहेत. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर भीमेचा जुना काठ पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या मंदिरासह तो उघडा पडतो. पहिल्या पावसात अशा जागी मुलांना मणी सापडतात आणि ते खिशात किंवा फिरत्या व्यापाऱ्याकडे जातात. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, मणी सापडला ती जागा, ती खोली आणि भोवतालची खापरे यांची नोंद शाळेच्या गुरुजींनी एका वहीत करून ठेवली तरी पुष्कळ होईल. इनामगावला मणिकाराचे घर ओळखता आले ते मणी सुंदर होते म्हणून नव्हे, तर अर्धवट घडविलेले मणी आणि उडालेल्या कपच्या जेथे पडल्या होत्या तेथेच, त्या थरात, त्या भिंतीपाशी राहिल्या होत्या म्हणून.